टेंपलसाहेब आणि एक रत्तल धान्य



कामगार चळवळीतल्या माणसाने एका इंग्रज सरदाराचे चरित्र सांगावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण सर रिचर्ड टेंपल हा काही काळ आपल्या चांद्याचाही धनी होता.

वुस्टरशायर परगण्यातील केम्प्सी गावी, जमीनदार घरात, 1826 साली त्याचा जन्म झाला. 1858 मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिली गेली; त्यानंतर चारच वर्षांनी टेंपल मध्यप्रांताचा चीफ कमिशनर झाला. एक उपकार मात्र आम्ही मोकळेपणी मानतो. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी गोंडांच्या कथा-गाणी जमवीत असत. 1863 मध्ये टाकळघाटजवळ ते पुरात बुडाले. त्यांचे कागद टेंपलने 1866 मध्ये छापून काढले आणि लिंगोची कथा कागदावर राहिली.

आता मुख्य गोष्ट. 1874 च्या बिहारच्या दुष्काळात याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगविले. शाबासकी मिळायची, तर उधळ्या म्हणून बोल लागला! तो धडा त्याने भलताच गिरवला. 1877 मध्ये दुष्काळाचा सरकारी प्रतिनिधी म्हणून तो दक्षिणेत आला आणि खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी त्याने उतरवली. दिवसाला एक रत्तल धान्य, म्हणजे अर्ध्या शेराहूनही कमी, आणि वर जेमतेम एक आणा. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यावर कष्टकरी माणूस तगणार नाही, असे बजावले. आपल्या मुंबई इलाख्यात तर मजुरांनी कामेच सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. युनियन हा शब्दही कानावरून गेला नव्हता अशा उपाशी माणसांचा तो संप होय. आमच्या पुस्तकांत संपाचा इतिहास गिरणीपासून सुरू होतो. आम्हांस ते पटत नाही. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली.

टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. पुढे विलायतेस जाऊन 1885 मध्ये पार्लमेंटात निवडून आला. मुंबईत थॉमस ब्रॉकने घडविलेला त्याचा पुतळा उभा राहिला. 1902 मध्ये तो वारला आणि जन्मगावी, केम्प्सीलाच, त्याला मूठमाती मिळाली. थडग्याला गाव मिळाले, नाव मिळाले. खडीच्या ढिगाशेजारी पडलेल्यांची नावे कोणत्या देवळाच्या भिंतीवर कोरावी, हे कोणी ठरवलेच नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. मजुरी मात्र मोजमापावर ठरते. म्हणून आमची पहिली मागणी असते की, खड्ड्याला टेप लावताना मजूर तेथे उभा असला पाहिजे.