ट्रॉली भरण्याआधी वजनाचा हिशेब

(अवजार बँक चालवणाऱ्या गटांच्या बैठकीतलं भाषण)



बचत गटात आपण पै-पैचा हिशेब लिहितो. व्याज दोन रुपयांनी चुकलं तरी वही पुन्हा उघडतो. पण गटाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की हिशेब नजरेवर सोडतो. "बसतंय ना, मग टाका अजून!" ट्रॅक्टर ओढतोही. प्रश्न उतारावर थांबवायचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मागचा सगळा लोंढा ट्रॅक्टरवर येतो. चढावर भार जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

म्हणून तीन आकडे काढायचे.

पहिला, रिकाम्या ट्रॉलीचा. एकदा वजनकाट्यावर न्या, पावती घ्या आणि गटाच्या वहीत चिकटवा. समजा, ते १५०० किलो निघालं.

दुसरा, मालाचा. पाण्याचा हिशेब सोपा. १ लिटर म्हणजे १ किलो. वैजापूर, गंगापूरकडे उन्हाळ्यात ५००० लिटरची टाकी ओढतात, तेव्हा नुसतं पाणीच ५ टन असतं. टाकीचं लोखंड आणि गाडा वेगळा. अर्धी टाकी हलकी म्हणून वळणावर पळवू नका. आतलं पाणी हेलकावतं आणि गाडा कलंडतो.

बाकी मालासाठी टेप घ्या. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच असेल तर १० × ६ × २ म्हणजे १२० घनफूट. सुटा मका घनफुटाला साधारण २० किलो भरतो, म्हणजे २४०० किलो. तळ्यातला गाळ घनफुटाला ४५ किलो धरा, ५४०० किलो झाले. ओला असेल तर आणखी जास्त. बघा, ट्रॉली तीच, भरलेली दिसते तेवढीच, पण वजन दुपटीच्या वर!

नाथसागराच्या काठावर मासेमारी करणाऱ्या भगिनींनाही हेच लागू आहे. होडी गाड्यावर चढवली की फक्त होडीचं वजन धरू नका. इंजिन, डिझेल, ओली जाळी, बर्फ आणि खालचा गाडा, सगळं मोजा. तळाशी १५ लिटरच्या १० बादल्या पाणी साचलं असेल तर १५० किलो वाढले. आधी पाणी उपसा, मग ओढा.

तिसरा आकडा आरसी बुकात असतो, मालासकट किती वजनाला परवानगी आहे तो. समजा, ट्रॉलीला ५००० किलो आहे. त्यातून रिकामी ट्रॉली १५०० वजा करा, मालाला उरले ३५००. त्याला ४५ ने भागा, साधारण ७८ घनफूट गाळ. ट्रॉलीचा तळ ६० चौरस फूट, म्हणजे गाळ सव्वा फुटापर्यंतच. तेवढ्या उंचीवर आतून रंगाची रेघ मारा आणि वर लिहा, "गाळ इथपर्यंत." मग ड्रायव्हरशी वाद घालावा लागत नाही, रेघच बोलते.

माल भरतानाही बघा. दोन चाकांच्या ट्रॉलीत सगळं ओझं मागे टाकलं तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात. सगळं पुढे टाकलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. भार चाकांवर, किंचित पुढे ठेवा.

आता शेवटचं, पण सगळ्यांत मोठं. भरलेल्या मालावर आपल्याच बाया बसून घरी येतात. २० जणी, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे आणखी १ टन, आणि तोही सगळ्यांत वर. ट्रॉली माल वाहायला आहे, माणसं न्यायला नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणंही अवघड होतं. मजुरी ठरवतानाच येण्या-जाण्याच्या गाडीचं बोला. ते भाडं मजुरीइतकंच हक्काचं आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन गोष्टी आणाव्यात: रिकाम्या ट्रॉलीची काट्याची पावती आणि आरसी बुकातला आकडा. वजाबाकी आपण सगळ्या मिळून करू.