दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं का?

कवठे महांकाळ तालुक्यात दाढदुखीचं वेळापत्रक द्राक्षबाग ठरवते. जानेवारीनंतर माल उतरवायची घाई, मग बेदाण्याच्या शेडवरचं काम, एप्रिल लागला की खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर ठणकणारी दाढ पुढे ढकलली जाते. "बेदाणा विकला की जाऊ मिरजेला," असं ठरतं. तोवर मेडिकलमधून आणलेली गोळी आणि दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा यांवर दिवस निघतात. मग एका सकाळी दाढ आपणहून शांत होते. घरातल्यांना हायसं वाटतं, दवाखान्याचा विषय मिटतो आणि बेदाण्याचे पैसे दुसऱ्या कामाला लागतात.

या व्याख्यानाचा रोख त्या शांत होण्यावर आहे. तोंडाच्या बहुतेक आजारांत वेदना फार उशिरा येते आणि ती गेली म्हणून आजार जात नाही. हे एवढं ज्याला कळलं, तो दवाखान्यात वेळेवर पोहोचतो.

दाताच्या बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात मज्जातंतू नसतात, त्यामुळे कीड तिथवर असेपर्यंत काहीच जाणवत नाही. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून दिवसाला किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दातांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाणारा सुटतो. दर तासाला गोड चहा आणि बिस्किट घेणाऱ्याच्या लाळेला सवडच मिळत नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेत १९४०च्या दशकात यावर प्रयोग झाले. जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी दिलेल्या रुग्णांचे दात सर्वांत जास्त किडले. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा माणसांवर केलेला तो प्रयोग आज कुणी मान्य करणार नाही. पण त्यांच्या दातांच्या मोलानं मिळालेली ही माहिती निदान वाया तरी जाऊ नये.

कीड कवच ओलांडून आतल्या डेंटिनमध्ये शिरली की थंड, गोड लागल्यावर कळ येते आणि लगेच जाते. खरी संधी इथेच असते. या टप्प्यावर बहुतेकदा एका बैठकीत सिमेंट भरून दात वाचतो. पण क्षणात जाणाऱ्या कळेसाठी कामाचा दिवस कोण मोडणार? माणूस दुसऱ्या बाजूनं चावायला लागतो आणि कीड पुढे सरकत राहते.

दाताच्या गाभ्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात, ज्याला डॉक्टर पल्प म्हणतात. तिथे सूज आली तरी तिला पसरायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी टणक भिंती. म्हणून तो ठणका. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि रात्र बसून काढावी लागते. असे काही दिवस गेले की नस मरते. दुखणं थांबतं ते त्यामुळे. निरोप पोहोचवणारा तंतूच उरलेला नसतो. जिवाणू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, हिरडीवर फोड येतो किंवा एका रात्रीत गाल सुजतो. तेव्हा रूट कॅनाल करावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो. जे काम अर्ध्या तासात झालं असतं, त्याला अनेक खेपा आणि कितीतरी पट खर्च लागतो.

खेडोपाडी या दुखण्यावर एक जुना उपाय आहे. रिंगणीच्या बिया तापवून त्यांचा धूर दाढेला द्यायचा, मग दाढेतले किडे खाली पडतात आणि दिसतातही. दिसतात त्या अळ्या नसून तापल्यानं फुटलेल्या बियांमधले बारीक पांढरे अंकुर असतात. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही ती सापडते. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि आपल्याला किडा आढळला नाही असं १७२८च्या ग्रंथात नोंदवलं. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर यांनी जिवाणू आणि आम्ल यांचा संबंध मांडला. धुरी घेणाऱ्याला वेड्यात काढून काही साधणार नाही. जवळ दवाखाना नव्हता तेव्हा माणसांनी हाताशी होतं ते केलं. आता मात्र मिरज तासाभराच्या रस्त्यावर आहे. सांगलीत दोन दंत महाविद्यालयं आहेत, आणि अशा महाविद्यालयांत अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली खासगी दवाखान्याहून कमी पैशांत उपचार होतात.

दुसरी समजूत अधिक चिवट आहे: वरची दाढ काढली की नजर जाते. दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते, दृष्टी दुसऱ्या नसेतून. एकीला धक्का लागला म्हणून दुसरी बिघडत नाही. चाळिशीच्या आसपास जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि त्याच वयात दाढा काढायची वेळ येते. एकापाठोपाठ एक घडणाऱ्या या दोन गोष्टी लोकांनी जोडून टाकल्या, आणि त्या भीतीपायी कित्येकांनी पू झालेल्या दाढा तोंडात सांभाळल्या.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा सहाव्या वर्षी होतो. दुधाचे दात वीस. ते पडून नवे येतात हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास या विसांच्या मागे, कुठलाही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. काही पडलं नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते; किडली तरी "पडेल आणि नवी येईल" असं म्हणून सोडून दिली जाते. ती जन्मात पुन्हा येत नाही. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो आणि तिच्या खोल खाचांमध्ये अन्न अडकतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तोंड उघडायला लावून प्रत्येक पालकानं ती शोधावी. खाचा सीलंटनं बुजवून घेता येतात. त्यासाठी ना इंजेक्शन लागतं ना घासणी. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. हा कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच देशभर सुरू झाला. पथकानं दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू नये, एवढं तरी घरातल्यांनी पाहावं.

हिरड्यांचं थोडक्यात. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे घासायचं थांबवतात. करायचं असतं उलट. रक्त येतं ते साचलेल्या थरामुळे. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर सैल पडतात, आणि हिरड्यांचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. दात साफ करून घेतल्यावर हलतात असं वाटतं, कारण दगडासारखा जमलेला थर निघून गेलेला असतो. दात आधीपासूनच सैल झालेले असतात.

आता सर्वांत गंभीर भाग. तासगाव-कवठे महांकाळचे आमदार आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगानं गेले. वय होतं ५७. ग्रामविकास मंत्री म्हणून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून ज्यांनी गावोगावच्या माणसांच्या हाती झाडू दिला, त्यांना या आजारानं नेलं, हे या तालुक्याला कुणी सांगायला नको. शरद पवारांवर २००४ साली याच आजाराची शस्त्रक्रिया झाली, आणि तंबाखूच्या सवयीची किती किंमत मोजावी लागली हे त्यांनी स्वतः जाहीर भाषणांतून सांगितलं आहे.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. त्यात मशेरीही येते. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळी दातांना लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्या मानत नाहीत. दाढ दुखते म्हणून कुणी मोठ्या बाईनं सुचवलेली मशेरी दुखणं गेल्यावरही सुटत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या पथकानं महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तंबाखू आणि तोंडातले चट्टे यांचा संबंध आपल्याच खेड्यांतून, पन्नास वर्षांपूर्वी जगासमोर गेला आहे.

हा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, तिखटाची आग, जीभ हलवताना अडचण, मानेत गाठ, आपोआप हलू लागलेला दात: यांतलं काहीही दिसलं तर छाटणीसाठी थांबू नये. सुपारी खाणाऱ्यानं आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहावं; जात नसतील, तर तोंड आवळत चाललं आहे. या तपासणीला यंत्रही लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या उजेडात तोंड तपासलं, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिशी ओलांडलेल्यांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि पुढच्या उपचारांना मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय जवळ आहे.

बाकी रोजचं सांगायचं ते थोडंच. फ्लोराइड असलेली पेस्ट दोन वेळा, त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. दुखऱ्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी ठेवू नये, कातडी भाजते. सुजलेल्या गालाला शेक देऊ नये. सूज हनुवटीखाली उतरली, ताप आला, थुंकी गिळवेना किंवा श्वास जड झाला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. अशी सूज घशाकडे पसरून जीव घेऊ शकते.

सुट्ट्यांत मुलं चिंचेच्या झाडावर आणि सायकलवर असतात. पडून पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये, घासू नये. मातीनं माखला असेल तर पाण्यानं नुसता हलकेच धुवावा, आणि जमलं तर लगेच जागेवर बसवून मुलाला रुमाल चावायला द्यावा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवावा. दूध प्रत्येक घरी असतंच. दंतवैद्याकडे जितकं लवकर जाल, शक्यतो तासाभरात, तितकी तो दात पुन्हा रुजण्याची शक्यता जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.