खुर्चीवर कोण बसणार?



विषय दिलाय 'महामारीनंतर घरून काम'. मग आधी घर कसलं ते बघू. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, वर पोटमाळा. आपण पाळीला गेलो की घरातल्यांना पाय पसरायला मिळतात. तिथं कसलं हापिस मांडता!

२४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या मुदतीत देश बंद झाला. घरी राहा, अंतर ठेवा म्हणाले. अंतर ठेवणं आपल्या बापजाद्यांना कुणी शिकवायला नको होतं. बंदरं मात्र अत्यावश्यक. जहाजातलं तेल, डाळ घरबसल्या उतरत नाही, गटार घरबसल्या उपसत नाही. ज्यांची घरं शेकडो मैल लांब ते चालत निघाले. जालन्याहून निघालेले १६ मजूर ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली चिरडले.

डिंगेल आणि नीमन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२० सालीच हिशेब मांडला: अमेरिकेत ३७ टक्के नोकऱ्या घरून होऊ शकतात, आणि त्या जादा पगाराच्या. देश जितका गरीब, तितका हा आकडा खाली.

बरं, त्या पांढरपेशांना तरी घर मिळालं का? टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं, २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक कचेरीत लागतील. ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस या म्हणाले. ॲमेझॉननं जानेवारी २०२५ पासून तेच केलं. मालकानं दिलं, मालकानं काढून घेतलं. करारात लिहिलेलं नव्हतं ना!

पण लांबून काम आता गोदीतच शिरतंय, ते ऐका. केरळात विळिंजम बंदराचं २ मे २०२५ ला उद्घाटन झालं. तिथं यार्डातल्या क्रेनवर माणूस चढत नाही. खोलीत पडद्यासमोर बसून कोळी वस्तीतल्या पोरी कंटेनर हलवतात. मला आनंद वाटला, खोटं कशाला बोलू. उन्हात चाळीस फूट वर टांगून घेण्यात कसली मर्दुमकी? पण एका खुर्चीमागं किती हूक, किती हात गेले, ते उद्घाटनाच्या भाषणात कुणी मोजत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी १ ते ३ ऑक्टोबर २०२४ असा संप केला. पगारवाढ हवी होती, आणि माणूस हटवणारं यंत्र नको होतं. त्यांच्याकडं युनियन होती. आपल्यातले निम्मे ठेकेदाराच्या वहीत आहेत, वहीत नाव तरी नीट लिहिलंय का?

तेव्हा युनियनवाल्यांना आत्ताच विचारा. पडदा आला की शिकवणार कुणाला? मॅट्रिक झालेल्या हमालाला की बाहेरून आणलेल्याला? आणि हे कुठल्या कागदावर लिहिणार?