जुलैची फी, मार्चची शिष्यवृत्ती



आज ज्यांनी बक्षिसं घेतली त्यांचं मनापासून अभिनंदन. स्नेहसंमेलनात सहसा पैशाचा विषय कोणी काढत नाही. मी आज तो काढणार आहे, कारण माझी सगळी नोकरी बँकेत, तालुक्याच्या शाखांमध्ये गेली. शैक्षणिक कर्ज मागायला आलेली तुम्हा विद्यार्थ्यांच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील मी फार जवळून पाहिले आहेत.

एक प्रसंग सांगतो. इंजिनिअरिंगला नंबर लागलेल्या मुलीला घेऊन वडील आले होते. मी तिला विचारलं, मेसचे महिन्याला किती लागतील? तिला माहीत नव्हतं. ती झेरॉक्स काढायला बाहेर गेली तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, तिच्यासमोर पैशाचं नका बोलू. अभ्यासातून लक्ष उडेल तिचं." पिशवीत सातबारा होता आणि बायकोची सोन्याची पोत होती. असे वडील मला पुढे कितीतरी भेटले. त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. ज्या वयात तुम्ही मतदान करता, त्या वयात आपल्या शिक्षणाला किती पैसे लागतात आणि ते कुठून येतात, हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. आज घरी गेल्यावर आईवडिलांसोबत बसा आणि पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा. फी, अनामत, परीक्षा फॉर्म, खोलीभाडं, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, एसटीचा पास, काही सोडू नका. बाहेरगावी शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा राहण्याजेवणाचा खर्च फीपेक्षा जास्त निघतो, आणि त्याचा अंदाज घरात कोणी केलेला नसतो.

महाराष्ट्रात १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजं निघू लागली. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या मुलांना जागा मिळाल्या, हे खरंच. पण त्या जागेची किंमत कुटुंबानं मोजायची, हेही तेव्हापासून आपण मुकाट्यानं मान्य केलं. पुढे १९८७ साली प्रवेशासाठी देणगी घेण्याला बंदी करणारा कायदा आला, आता शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवून देतं. म्हणून पालकांना सांगतो, पावती मिळणार नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

सरकारी मदत आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत खुल्या गटातल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे.

मग मुलं अडतात कुठे? माझ्या अनुभवात बहुतेक मुलं तारखांमध्ये अडली. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो. खोलीचं डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स त्याच आठवड्यात द्यावा लागतो. शिष्यवृत्ती किंवा निर्वाहभत्ता खात्यावर येतो पुढच्या मार्चमध्ये, कधी त्याच्याही नंतर. जुलैत शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. असेल नसेल तो पेरणीत गेलेला असतो. सोयाबीन येणार दिवाळीला. मग या मधल्या महिन्यांसाठी आडत्याकडून उचल घेतली जाते, पोत गहाण पडते, सावकाराचं दार वाजवलं जातं. महिन्याला शेकडा तीन-चार रुपये दरानं घेतलेल्या वीस हजारांचं व्याज सरकारनं माफ केलेल्या फीचा काही फायदा खाऊन टाकतं. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. त्या पाळल्या गेल्या तरी पोटाचा आणि छपराचा प्रश्न उरतोच.

या तारखांतली काही ढिलाई टाळणं आपल्याही हातात आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेयर हे सेतू केंद्रात जाऊन आणि जात वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करून, बारावीची परीक्षा संपली की मार्गी लावा. खात्याला आधार जोडलंय का, ते बँकेत जाऊन पाहा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं, असं समजून दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती गमावलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

आता कर्जाबद्दल. बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यायला लाजू नका आणि ते न समजता घेऊही नका. समजा, दरवर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचललं, दर दहा टक्के धरू. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. सरळव्याजानं मोजलं तरी पहिला हप्ता भरायच्या आधीच चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. पहिल्या वर्षी फक्त व्याज भरायचं म्हटलं तर महिन्याला आठशे तेहतीस रुपये होतात. जमेल त्या घरानं ते भरत राहावं. बऱ्याच बँका त्यासाठी व्याजात सवलतही देतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर हप्ता नसलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं का, हे शाखेत आवर्जून विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठी तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळतं. कॉलेज निवडताना ते या यादीत आहे का, एवढं पाहून ठेवा. जमीन विकण्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी करा.

आपल्या मातीत शिक्षणाचा खर्च एकट्या बापाच्या डोक्यावर टाकण्याची रीत नव्हती. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत आणि शिकत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं, तेव्हा त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मुलं काम करत आणि शिकत. ते काम संस्थेतलं होतं, अभ्यासाच्या वेळा सांभाळून दिलेलं होतं. आज शहरात रात्री एकपर्यंत जेवणाचे डबे पोहोचवून सकाळी प्रॅक्टिकलला डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या कामाची त्याच्याशी बरोबरी होऊ शकत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तर १८९२ मध्येच परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी उभा केला. शिकून आलेल्यानं ते पैसे परत करायचे आणि त्यातून पुढच्यानं जायचं. तो निधी आजही चालू आहे.

असाच फिरता निधी या महाविद्यालयानं उभारावा, ही माझी मागणी आहे. जुलै ते मार्च या काळात अडलेल्या मुलाला पंधरा हजार बिनव्याजी द्यायचे, शिष्यवृत्ती जमा झाली की त्यानं ते परत करायचे. तीन लाखांत वीस मुलं निभावतील, आणि परतफेड होत राहिली तर तेच तीन लाख पुढच्या जुलैत दुसऱ्या वीस जणांच्या उपयोगी पडतील. तीनशे माजी विद्यार्थ्यांनी हजार-हजार रुपये दिले तरी रक्कम उभी राहते. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची नोकरी चांगली आहे, आणि त्यांच्याही घरी तो जुलै येऊन गेलेला आहे. संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे: खातं याच महिन्यात उघडा, नियम एका पानात लिहा आणि येत्या प्रवेशाच्या आधी पहिला धनादेश निघू द्या. हिशेब ठेवायला मी यायला तयार आहे.