यंदाची गदा कोणाची?



विषयाचे नाव वाचून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शेती आणि राज्यघटना यांवर व्याख्याने व्हावयाची, तेथे कुस्तीच्या गप्पांवर बोलावयाचे म्हणजे काय, असे कोणास वाटले तर नवल नाही. कुस्तीवर नव्हे, कुस्तीच्या गप्पांवर. एवढा भेद मात्र ध्यानात घ्यावा. आम्ही पैलवान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि उमेदीची सारी वर्षे कामगारांच्या सभा, वर्गणीच्या पावत्या व मजूर-कचेरीच्या पायऱ्या यांत गेली. या वर्षांत कष्टकरी माणूस आपले डोके सर्वांत जास्त कोठे चालवतो, हे पाहावयास मिळाले. ते युनियनच्या सभेत चालवत नाही, हे कबूल करण्यास आम्हांस जड जाते. ते चहाच्या हॉटेलात चालवतो, आणि तेही एका प्रश्नावर: यंदाची गदा कोणाची?

मंद्रूपच्या मंडळींस हे सांगावयास नको. विजयपूरच्या रस्त्यावरचे आपले गाव, एका बाकावर मराठी व दुसऱ्या बाकावर कानडी, आणि दोन्ही बाकांवर वाद एकच. आषाढ-श्रावणात मैदाने बंद असतात. पोरे तालमीत घाम गाळीत असतात आणि थोरले पावसाची वाट पाहत बसलेले असतात. दिवाळीनंतर जत्रांचे फड सुरू होतील, हलगी वाजेल, नारळाच्या कुस्तीपासून लाखाच्या जोडीपर्यंत सर्व डोळ्यांनी पाहावयास मिळेल. तोवर पाहावयास काही नाही, म्हणून बोलावयाचे. आणि डोळ्यांपुढे काही नसताना केलेला अंदाज हाच खरा अंदाज, असे आमचे मत आहे. फड सुरू झाल्यावर तर आंधळ्यासही कळते.

महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ साली सुरू झाला. औरंगाबादेस दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. १९६८ साली हा मान सोलापुरात ठरला आणि चंबा मुत्नाळ यांनी गदा खांद्यावर घेतली. त्या वर्षाची गोष्ट सांगणारी म्हातारी मंडळी आम्ही लहानपणी ऐकली आहेत. आज या स्पर्धेची रचना अशी आहे, की खुल्या गटात, म्हणजे ८६ ते १२५ किलो वजनात, मातीवरचे पैलवान वेगळे लढतात व गादीवरचे वेगळे लढतात. मातीतला अव्वल आणि गादीवरचा अव्वल यांची शेवटी गाठ पडते, आणि जिंकेल तो केसरी. म्हणजे श्रावणात बसून "अंतिम जोड कोणाची लागेल" हे सांगणाऱ्याने एक नव्हे, तीन भाकिते केलेली असतात: मातीतून कोण, गादीतून कोण, आणि त्या दोघांत कोण.

एका मुकादमाने हे आम्हांस काड्यापेटीतल्या काड्या मांडून दाखविले होते. त्याला सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. तो म्हणाला, "मालक, मातीत दोघंच धरा, गादीत दोघंच धरा. तरी जोड बरोबर यायची म्हंजे चारात एकदा. आन् गदा पण सांगायची तर आठात एकदा. मग ह्यो छाती बडवून काय सांगतोय बे?" समोरचा गडी गप्प झाला. हे गणित शाळेत शिकविण्यास वर्ष लागते.

पण आठात एकदा म्हणून सोडून द्यावे, असे कोणीही करत नाही, आणि ते बरेच आहे. चांगला अंदाज करणारा कसा बोलतो, ते ऐकण्यासारखे असते. तो पैलवानाच्या दंडाविषयी बोलत नाही. तो विचारतो, गेल्या तीन कुस्त्या किती वेळ चालल्या? पाचव्या मिनिटाला याचा हात समोरच्याच्या मानेवर होता की स्वतःच्या गुडघ्यावर? गादीची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की तेथेच संपली. जत्रेच्या फडात मात्र निकाली म्हणजे पाठ लागेपर्यंत. तेव्हा जो अर्धा तास झुंजून एकलंगीवर चीतपट करतो तो गादीवर सहा मिनिटांत काय करील, हा वेगळा प्रश्न आहे. वस्ताद कोण, पाठीमागे दुखणे आहे का, वजन उतरवून आला आहे की चढवून, हे तो सारे विचारतो. वाईट अंदाज करणारा एकच सांगतो: "आपल्या तालुक्याचा हाय."

या दुसऱ्या जातीची फजिती जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झाली, आणि ती आपल्या जिल्ह्यानेच केली. मातीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही आपलेच. आता छाती कोणासाठी बडवावयाची? महेंद्रने टाकलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले ते योग्य की अयोग्य, यावर येथल्या हॉटेलांत पुढे कित्येक दिवस कपबशा आपटल्या. त्या वादात आम्ही पडत नाही. पंचांनी गुण दिले, महेंद्र पुढे गेला, आणि अंतिम लढतीत शिवराज राक्षेने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. विशेष हे, की राक्षे व गायकवाड हे दोघेही पुण्याच्या काका पवारांच्या एकाच तालमीतले. तालुका मोजणारे तालीम मोजावयास विसरले होते.

वस्तुतः तालीम मोजण्याचा धडा त्याच्या तीन वर्षे आधीच मिळालेला होता. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यास करमाळा तालुक्याच्या बाला रफिक शेखने २०१७ चा विजेता अभिजित कटके यास हरविले. पुढच्या स्पर्धेपूर्वी जो तो सांगे, जोड हीच लागणार. बाला मातीतून, कटके गादीतून. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीस काय झाले? बालास माऊली जमदाडेने मातीतच थांबविले. कटकेला हर्षवर्धन सदगीरने गादीवर थांबविले. आणि ७ जानेवारीस गदेसाठी उभे राहिले नाशिकचा सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही पुन्हा त्याच एका तालमीतले. सदगीर ३-२ असा जिंकला आणि हरलेल्या मित्रास खांद्यावर घेऊन नाचला. श्रावणात ही जोड सांगणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

त्या स्पर्धेवर आमच्या परिचयाच्या एका वीटभट्टीवरच्या पोराने आठ दिवसांची मजुरी लावली होती. ती गेली. त्याच्या घरी त्या आठवड्यात काय शिजले, हे आम्ही विचारले नाही, कारण शिजले नसावे. त्यानंतर त्या बाकावरच्या वडीलधाऱ्यांनी नियम घातला: पैज चहाची, फार तर भज्यांची. पैशाचे नाव काढील त्याने उठून जावे. सरकारी कायद्याने जे साधत नाही ते या नियमाने तेवढ्या एका बाकावर साधले. मोबाईलवर मात्र बाक नसतो आणि वडीलधारेही नसतात.

हा नाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलचे वेड असेच आहे. तेथे नाताळ व नववर्षाच्या सुमारास 'बाउल' नावाचे मानाचे सामने होतात. भर उन्हाळ्यात, एकही चेंडू पडलेला नसताना, तिकडचे शौकीन कोणत्या बाउलमध्ये कोणाची गाठ पडणार याच्या याद्या करतात व एकमेकांशी भांडतात. त्यांतला सर्वांत जुना रोझ बाउल १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियात पासाडेना येथे झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे इतके झोडपले, की हरणाऱ्यांनी सामना अर्ध्यावर सोडला आणि पुढे १९१६ पर्यंत तेथे फुटबॉलच झाला नाही. मधल्या काळात संयोजकांनी रथांच्या शर्यती लावून पाहिल्या. शंकरपटाचे शौकीन येथे बसले आहेत, त्यांस हे आवडेल.

असो. आता आमच्या धंद्याचे थोडे सांगतो.

संप करावयाचा की नाही, हे ठरविण्याची सभा आणि कुस्तीची ही गप्पा यांत फार अंतर नाही. सभेत टाळ्या कोणास मिळतात? "मालक आठ दिवसांत गुडघे टेकणार" असे म्हणणाऱ्यास. तो आपली इच्छा सांगत असतो आणि ऐकणारे ती अंदाज म्हणून घरी नेतात. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंतांनी तो रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही. त्या संपातून गावी परतलेले कामगार आम्हांस तरुणपणी भेटले. ते म्हणत, पगाराच्या दोन तारखा चुकतील एवढेच धरून आम्ही डाळतांदूळ भरला होता. त्यांच्या हिमतीस आमचा नमस्कार आहे. परंतु मालकाच्या गोदामात किती माल पडून आहे, माग दुसरीकडे कोठे चालू आहेत, आपल्या माणसाचा दम पाचव्या मिनिटाला राहील काय, हे प्रश्न विचारणाऱ्याला त्या काळी भित्रा म्हटले जाई, असेही तेच सांगत.

म्हणून गेली कित्येक वर्षे आमची एक पद्धत आहे. वाटाघाटीपूर्वी चार माणसे निवडावयाची असली, की आम्ही आधी हॉटेलात जाऊन बसतो. ज्याचा आवडता पैलवान सिकंदर आहे, पण जो "यंदा तो पडेल असं दिसतंय" असे शांतपणे म्हणू शकतो, तो माणूस आम्ही घेतो. असा माणूस मिळणे सोपे नाही. पन्नासांत दोन निघतात, आणि त्यांतला एक बहुधा आधीच मालकाने मुकादम केलेला असतो.

अंदाज करणाऱ्यांचे कामही अलीकडे अवघड झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. संघटना दोन, म्हणून स्पर्धा दोन. पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदरने राक्षेला काही सेकंदांत झोळी डावावर पाडले, आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षे केसरी झाला. ज्याने "राक्षे" म्हटले होते तोही चहा मागू लागला आणि ज्याने "सिकंदर" म्हटले होते तोही. युनियनमध्ये फूट पडली म्हणजे कामगाराचे काय होते, ते आम्ही जाणतो. कुस्तीत पैलवानाचे तेच होते. कोणती गदा नोकरीच्या अर्जावर चालेल, हे त्या पोरास विचारून पाहावे.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला जे झाले ते तर सर्वांनी चित्रफितीत पाहिले. गादीच्या लढतीत पाठ लागल्याचा निकाल गेला म्हणून राक्षेने पंचास लाथ मारली. अंतिम लढतीत गुणावरून वाद होऊन महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ केसरी ठरला, आणि दोघा पैलवानांवर निलंबनाची कारवाई झाली. पंचावर हात किंवा पाय उगारणे आम्हांस मान्य नाही, ते कधीच समर्थनीय नाही. पण त्या पोरांच्या कानांत महिनोन्‌महिने काय घुमत असेल? "गदा तुझीच." गावोगावचे बाक, मोबाईलवरचे आवाज, सत्कार करणारे पुढारी, सर्वांनी निकाल आधीच लावून ठेवलेला असतो. मग मैदानात उलटे घडले, की त्यास ते हरणे वाटत नाही, चोरी वाटते. हा दोष पैलवानाचा किती आणि आपला किती, याचा विचार आपण केलेला नाही.

दोन गोष्टी आमच्या मनात सलतात, त्या सांगतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. त्या वर्षी किंवा त्यानंतर, आमच्या ऐकण्यात, एकाही बाकावर "मुलींत यंदा कोण" असा प्रश्न निघाला नाही. चुकीचे भाकीतसुद्धा कोणी केले नाही. ज्याच्याविषयी कोणी चुकीचेही बोलत नाही, त्यास गावाने मोजलेले नसते.

दुसरी गोष्ट खुराकाची. जिंकणाऱ्यास गदा मिळते, जानेवारी २०२३ मध्ये तर थार गाडी मिळाली. अंदाज त्याचा होतो. पण ज्याचे वय अठरा आहे, बापाची चार एकर कोरडवाहू ज्वारी आहे, त्यास रोजचे दूध, बदाम, तूप कोठून येते, हे कोणी विचारत नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकले होते. प्राचार्यांनी भाकीत केले होते की नाही, इतिहासास ठाऊक नाही. त्यांनी घर गहाण टाकले.

गेल्या श्रावणात त्याच चहाच्या बाकावर आमच्या भागातल्या एका पोराचे नाव निघाले. तीन वर्षांत हा जिल्ह्यात दिसेल, असे तो काड्या मांडणारा मुकादम म्हणाला. कोणीतरी हसून विचारले, "दूध कोण घालतंय त्याला?" मुकादमाने काड्या गोळा केल्या आणि विचारले, "तू किती घालतोस?" त्या दिवशी सात जणांनी नावे सांगितली. आठवड्याला अर्धा लिटर, कोणी एक. वर्गणीची पावतीबुके छापण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. अजून दोन बुके शिल्लक आहेत, ती आम्ही बरोबर आणली आहेत. अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा येथेच थांबतो. व्याख्यान संपल्यावर दाराशी बसतो.