शिकायचे राहून गेले, त्याची गोष्ट



बालकलाकारांचे कौतुक आपण भरभरून करतो. त्या कौतुकाची किंमत कोण मोजतो, एवढेच आज पाहू.

एप्रिल १९२९. बर्लिनमध्ये ब्रुनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली यहुदी मेन्युइन नावाचा मुलगा एकाच कार्यक्रमात बाख, बीथोवन आणि ब्राम्स अशा तिघांचे व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवतो. तेरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. श्रोते अवाक् झाले.

त्याआधीचा प्रसंग ब्रसेल्सचा. थोर व्हायोलिनवादक इझाय यांच्यापुढे त्याने लालो या संगीतकाराची अवघड रचना झोकात वाजवली. इझाय म्हणाले, आता ए मेजर कॉर्डचे सूर चार सप्तकांत ओळीने वाजव. आपल्याकडे पलटे घोटून घेतात, तसलाच हा साधा धडा. पोराची बोटे तारेवर चाचपडू लागली. रियाज कर, असे इझाय यांनी सुचवले. पण मुलगा त्यांच्याकडे शिकायला राहिला नाही. जे नुसते ऐकून हाताला येते, ते कसे येते हे विचारायची त्याला गरजच पडली नव्हती.

घरही त्याच्याभोवतीच फिरत होते. शाळेत तो गेला तो एकच दिवस. हेफ्झिबा आणि याल्टा या बहिणी पियानो उत्तम वाजवत, पण मुलींनी त्याचा व्यवसाय करणे आईला पसंत नव्हते. म्हणजे एका मुलाच्या गुणांची किंमत घरातली इतर मुलेही मोजतात. बाविसाव्या वर्षी त्याने लग्न केले, तेही टिकले नाही.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी त्याने शेकडो कार्यक्रम केले. पुढे हात साथ देईना, गज डळमळू लागला. आठव्या वर्षी करायचा अभ्यास तिशीत करायची वेळ आली, आणि तीही तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. खरी किंमत ती हीच. आपण सारे बेसूर वाजवत शिकलो, पण ते घरच्यांखेरीज कोणी ऐकले नाही. त्याला ती सवलत मिळाली नाही.

१९५२ साली मुंबईत त्याची गाठ पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांशी पडली. कसे उभे राहावे, श्वास कसा घ्यावा, हे तो मुळापासून शिकू लागला. पुढे अय्यंगारांना घड्याळ भेट देताना त्यांना त्याने आपले व्हायोलिनचे गुरू म्हटले, यात सगळे आले.

इथे गायक कुमार गंधर्व आठवतात. बुजुर्गांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाणारा हा मुलगा नावाजला गेला होता. तरी अकरा-बारा वर्षांचा असतानाच तो मुंबईत देवधर मास्तरांकडे विद्यार्थी म्हणून बसला. पुढच्या गाण्यात नक्कल उरली नाही, यात त्या बसण्याचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो.

१९६३ साली मेन्युइनने इंग्लंडमध्ये संगीतात गती असलेल्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिथे सोबतीला बरोबरीची मुले होती. स्वतःला न मिळालेले त्याने दुसऱ्यांना दिले.

दोष नेहमी आईबापांच्या माथी मारला जातो. पण बोलावणी आपण धाडतो, ‘वन्स मोअर’ही आपणच देतो. तेव्हा संयोजकांना विनंती आहे: आठ वर्षांच्या मुलाचे गाणे ठेवायचे असेल, तर आधी त्याच्या गुरूंना विचारा. ते ‘अजून नको’ म्हणाले, तर ती तारीख दुसऱ्या कोणाला द्या.