तक्ता, वही आणि सात जून

(सोसायटीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट'वर बोला असं सांगितलं. नोकरीत मी आयुष्यभर तेच केलं, पण त्यातलं निम्मं शिकलो ते आपल्या ड्रेनेजच्या पाइपांच्या कामात. तेव्हा तेच सांगतो.

इमारतीला पंधरा वर्षं झाली तेव्हा उपविधींप्रमाणे आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला ते दर पाच वर्षांनी लागतं, पुढे दर तीन वर्षांनी. अहवाल आला : संडासाचे उभे पाइप गळतायत, भिंतींत ओल शिरलीय.

मी उलटा हिशेब मांडला. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. त्याआधी रंग. रंगाआधी प्लास्टर वाळायला हवं, त्याआधी किमान सात दिवस त्यावर पाणी मारायला हवं, त्याआधी पाइप, त्याआधी परांची. आलेखाच्या कागदावर आडव्या पट्ट्या काढल्या आणि तक्ता नोटीस बोर्डावर लावला. गेटचा रंग पंधरा दिवस पुढे गेला तरी बिघडत नाही; पाइपाची साखळी एक दिवस सरकली की सगळं काम एक दिवस सरकतं. याला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत १९५७च्या सुमारास ही पद्धत निघाली.

तक्ता सुरेख होता. त्यात माणसं नव्हती.

पाइप वरपासून खालपर्यंत एकच. एका घराने दार उघडलं नाही की त्या रांगेतली सगळी घरं अडली. दहावी-बारावीच्या परीक्षा मी धरल्या होत्या. पण तिसऱ्या मजल्यावर आदल्या संध्याकाळी बेल वाजवून म्हटलं, "उद्यापासून दोन दिवस संडास बंद." घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा. सूनबाई एवढंच म्हणाल्या, "काका, त्यांना कुठे नेऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम थांबलं. प्लंबर दुसऱ्या साइटवर गेले ते नऊ दिवस फिरकले नाहीत. शेवटी समोरच्या काकूंनी, ज्यांची पाइपाची रांग वेगळी होती, आपला संडास आजोबांसाठी दिला. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना नेलं-आणलं. मग मी तक्त्यात एक रकाना वाढवला : 'कोणाच्या घरी काय अडचण'. तो भरायला पंधरा दिवस आधी घरोघरी जायचो. चहा फार झाला, हे खरं.

दुसरं साधन वही. रोज संध्याकाळी लिहायचं : किती माणसं आली, किती पोती सिमेंट लागलं, काय अडलं आणि कुणामुळे. बिलाच्या वेळी 'असं ठरलंच नव्हतं' सुरू झालं, तेव्हा वही उघडली आणि आवाज खाली आले. पैसे मोजमाप झालेल्या कामाचेच दिले, आणि पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवले. पहिल्याच पावसात दोन सांधे पाझरले. कंत्राटदार आला, कारण पैसे आपल्याकडे होते.

काम सात जूनला संपलं नाही, सोळाला संपलं. तेवढे दिवस गच्चीवर ताडपत्री होती, आणि सातव्या मजल्यावरच्यांनी मला जे ऐकवलं ते इथे सांगत नाही.

यंदा पंचवीस झाली, म्हणजे पुन्हा ऑडिट आलं. वही ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. नव्या कमिटीने न्यावी, बरीच पानं कोरी आहेत.